व्याध कोण, मृग कोण?

‘झ्यूस म्हणजे आपला इंद्रच. हर्क्युलीस म्हणजे कृष्ण. ग्रीकांनी सगळं इथूनच नेलं.’ मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी हे मत गावोगावी पोचवलं आहे. त्याच्या जोडीला दुसरं मतही असतं: ‘आपलं रामायण-महाभारत वाचून संपलं का, की पोरांनी ग्रीकांच्या गोष्टी वाचाव्यात?’ ही दोन्ही मतं मला साफ अमान्य आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे असं माझं म्हणणं आहे.

मुळशी तालुक्यातलं चांदे हे भाताच्या पट्ट्यातलं गाव. नांदे-चांदे असं जोडीनंच त्याचं नाव घेतलं जातं. हिंजवडीची वस्ती सरकत आली तशी इकडे जमिनीच्या उताऱ्यांची चर्चा वाढली, आणि ती साहजिकही आहे. पण पुराणकथेलाही आपण सातबारा लावू पाहतो: मूळ मालक कोण, कुणी कुणाचं बळकावलं. कथेचा अभ्यास तिथेच थांबतो, कारण मालक ठरला की कथा वाचायचं कारणच उरत नाही.

हा मालकीचा दावा उलट्या बाजूनंही झाला होता. १८७० मध्ये आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडितानं मांडलं की रामायणावर ग्रीक कवी होमरच्या काव्याची छाया आहे. हेलनचं हरण तसं सीतेचं हरण, ट्रॉयचा वेढा तशी लंकेची लढाई. त्याला १८७३ मध्ये सविस्तर उत्तर दिलं ते मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्या उत्तरात त्यांनी वेबरचं साम्य खोडून काढलं. 

वेबरच्या साम्यांकडे आज नीट पाहिलं तरी ती विरघळतात. होमरचा नायक ओडिसियस धनुष्य वाकवतो ते कथेच्या शेवटी, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पत्नीला मागणी घालणाऱ्यांसमोर. रामाचा धनुर्भंग कथेच्या आरंभी, परक्या राजाच्या दरबारात. हेलन ट्रॉयमध्ये पॅरिसची पत्नी म्हणून नांदते. सीता अशोकवनात रावणाकडे पाहतही नाही. पळवून नेलेली स्त्री आणि तिच्यासाठी झालेलं युद्ध ही गोष्ट जिथे जिथे टोळ्या एकमेकांवर धाडी घालत होत्या तिथे तिथे उगवू शकते. तिला प्रवास करावा लागत नाही.

मग नातं कधीच नसतं का? असतं, आणि ते सिद्धही करता येतं. ‘झ्यूस म्हणजे इंद्र’ हेच मत तपासू. भाषेच्या नियमानं झ्यूसचा सख्खा भाऊ इंद्र नव्हे, ऋग्वेदातला द्यौस् आहे. ‘पिता’ हे बिरुद दोघांनाही लागतं. पण वज्र हाती घेऊन शत्रूला लोळवण्याचं काम आपल्याकडे इंद्र करतो आणि द्यौस् मागे, जवळजवळ अदृश्य उभा राहतो. म्हणजे नाव एकाकडे गेलं आणि पराक्रम दुसऱ्याकडे. एकाच जुन्या घरातून निघालेल्या दोन शाखांनी आकाशपित्याचं असं वेगवेगळं काय केलं, आणि का, हा खरा प्रश्न आहे. ‘तोच तो’ म्हणणारा माणूस या प्रश्नाच्या दारातूनच परत फिरतो.

मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण मृगाचं आहे. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ साली प्रसिद्ध झाला. वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी मृग नक्षत्र धरलं आणि वैदिक, इराणी, ग्रीक कथा त्या एका ताऱ्यांच्या पुंजक्याभोवती गोळा केल्या. ओरायन हे ग्रीक नाव ‘आग्रयण’वरून आलं ही त्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकली नाही. तरीही त्या ग्रंथाचं मोल मला कमी वाटत नाही, कारण दोन समाजांच्या कथा एकाच आकाशाखाली मांडून पाहण्याचं धाडस आपल्याकडे त्यांनी केलं.

मांडून पाहिलं की दिसतं काय? ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती स्वतःच्या मुलीच्या मागे लागतो. ती हरिणी होते, तो हरीण होतो. देव संतापतात आणि रुद्र त्याला बाण मारतो. विंधलेला प्रजापती आकाशात मृग झाला, मुलगी रोहिणी झाली, मारणारा व्याध झाला आणि मधले तीन तारे म्हणजे तो बाण. ग्रीकांच्या आकाशात याच ताऱ्यांचा ओरायन होतो, पण तो शिकारी आहे. आपला व्याध तिथे शिकाऱ्याचा कुत्रा आहे. आपल्याकडे ज्याची शिकार झाली तोच तिकडे शिकार करतो! आणि तोही स्त्रियांच्या मागे लागलेला आहे: कृत्तिकांच्या सात बहिणी त्याच्यापुढे पळत असतात. काही कथांत आर्टेमिस त्याला मारते, पण आकाशातला त्याचा पाठलाग चालूच राहतो. आपल्या कथेत पाठलाग बाणाशी संपतो, आणि अपराधी साक्षात प्रजापती असला तरी संपतो. हा फरक मला कुठल्याही साम्यापेक्षा मोठा वाटतो.

याच नक्षत्राचा शेतीशी असलेला संबंध तर चांद्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. सूर्य मृगात गेला, साधारण ७ जूनला, की राब भाजलेल्या वाफ्यात भाताचं बी पडायची वेळ येते. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन पाहिलं जातं: हत्ती, बेडूक, म्हैस की गाढव. सुमारे २,७०० वर्षांपूर्वी ग्रीसच्या बिओशिआ प्रांतातला शेतकरी-कवी हेसिअड हाच हिशेब वेगळ्या रीतीनं सांगतो. कृत्तिका पहाटे दिसू लागल्या की कापणी, ओरायन पहिल्यांदा उगवताना दिसला की मळणी, ओरायन आणि व्याध माथ्यावर आले की द्राक्षं तोडा. जून महिना तोच आणि तारेही तेच, पण तिकडे मळणी आणि इकडे पेरणी. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, आपल्याकडे मोसमी वाऱ्यांबरोबर. शिवाय हेसिअड तारा डोळ्यांनी दिसायची वाट पाहतो, तर आपण सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते मोजतो, म्हणजे मृग लागतो तेव्हा मृग दिसतच नसतो. दोन हवामानं आणि काळ मोजायच्या दोन पद्धती एका नक्षत्रातून उलगडतात. मालकीच्या वादात हे सगळं हातचं जातं.

आता ग्रीकांच्या बाजूचा अहंकारही तपासायला हवा. ग्रीक पुराणं म्हणजे कुणाचंही ऋण नसलेली युरोपची स्वयंभू प्रतिभा, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. तुर्कस्तानातल्या बोगाझकोई इथे, हित्ती राजधानीच्या जागी, १९०६ पासून मातीच्या इष्टिकांचं दफ्तर निघालं. त्यात कुमार्बीची कथा आहे: तो आकाशदेव अनूचं पौरुष तोडून त्याला पदच्युत करतो आणि पुढे वादळाचा देव कुमार्बीलाच उलथतो. क्रोनस आपल्या बापाला, आकाशदेव युरेनसला, विळ्यानं छाटतो आणि झ्यूस क्रोनसला पाडतो, ही हेसिअडची कथा त्याच साच्यातली आणि काही शतकांनी नंतरची. त्याच दफ्तरात इ.स.पूर्व चौदाव्या शतकातला मितान्नी राजाशी झालेला करारही सापडला. त्यात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. झ्यूसच्या घराण्याची जुनी कथा आणि आपल्या वेदांतले देव एकाच दफ्तरात! जो म्हणतो ‘सगळं आमचं’ त्यानं हे दफ्तर पाहावं, आणि जो म्हणतो ‘सगळं आमच्यापासून सुरू झालं’ त्या युरोपीयानंही.

प्रत्यक्ष संपर्क तर आपल्या शेजारच्या मावळात कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेले खांब आहेत. पण त्यांच्या लेखांत झ्यूस नाही की अथीना नाही. त्यांनी दान बौद्ध संघाला दिलं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, पण पोसायडन कोल्हापूरचा देव झाला नाही. माणसं आली, वस्तू आल्या, म्हणून कथाही आल्याच असं होत नाही. प्रत्येक ठिकाणी पुरावा वेगळा मागावा लागतो.

उरला दुसरा आक्षेप: आपलं सोडून त्यांचं कशाला? माझं उत्तर असं की त्यांचं वाचल्यावर आपलं पहिल्यांदा दिसतं. ग्रीक लोक महिना संपताना, चंद्र नसलेल्या रात्री, तीन वाटांच्या फाट्यावर हेकटी या देवीसाठी जेवण ठेवत. आपल्याकडे अमावास्येला तिकाटण्यावर उतारा ठेवतात. मुळशीतल्या मुलाला तो उतारा ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दात संपवायला शिकवलं जातं, आणि हेकटी मात्र इंग्रजी पुस्तकात आली की अभ्यासाचा विषय होते. या दोन मापांचा मला राग येतो. वाटा फुटतात ती जागा माणसाला धोक्याची, कुणाच्याच मालकीची नसलेली का वाटते, हा विचार दोन्ही उदाहरणं समोर असली की आपोआप सुरू होतो.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींनी असा विचार प्रत्यक्ष करून दाखवला. पुण्याभोवतीच्या वाटा पायी तुडवून त्यांनी म्हसोबा, मावळाया, तिकाटण्यावरच्या देवी नोंदवल्या आणि १९६२ मध्ये ‘मिथ अँड रिअॅलिटी’ लिहिलं. एका ठिकाणी देवी महिषासुराला मारते आणि दुसऱ्या ठिकाणी म्हसोबाशी तिचं लग्न लागलेलं असतं, ही विसंगती त्यांनी झाकली नाही. तिच्यातून समाजांच्या मिसळण्याचा इतिहास वाचला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियास हा प्रवासी लेखकही ग्रीसमध्ये असाच फिरला. देवळादेवळात तिथले लोक काय सांगतात ते त्यानं लिहिलं, एका गावचं दुसऱ्याशी जुळलं नाही तरी लिहिलं. ग्रीक पुराणांबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे त्यातलं खूपसं त्याच्यामुळे उरलं.

चांद्याच्या, नांद्याच्या, सूसच्या शाळांतल्या मुलांना ग्रीक कथा जरूर द्याव्यात, हेसिअड मराठीतून द्यावा, आणि त्याचबरोबर एक वही द्यावी. हिंजवडीच्या म्हातोबाच्या बगाडाला गळ का टोचतात, पेरणीआधी नारळ कुठल्या देवाला फुटतो, शिवेवरचा शेंदरी दगड कुणाचा, याची उत्तरं त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून घ्यावीत. दोघांनी दोन उत्तरं दिली तर दोन्ही लिहावीत, कुणी आणि कुठे सांगितलं त्यासह.