अम्मीला चालू द्या

मागच्या वर्षी अम्मीची अँजिओप्लास्टी झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसली, म्हणून कर्ज काढावं लागलं नाही. जिंतूरला घरी आणलं आणि आम्ही तिला पलंगावर बसवून टाकलं. पाण्याचा ग्लाससुद्धा आयता हातात. खाला बजावून गेल्या, "दिल का मामला है, हिलने मत देव." दोन महिने मनापासून खिदमत केली. त्या दोन महिन्यांत अम्मी चार पायऱ्या चढली तरी धापा टाकू लागली.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती चालता?" आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली चालण्याची एक ओळ होती. ती आम्ही वाचलीच नव्हती.

आपला गैरसमज असा, की स्टेंट बसला म्हणजे हृदय दुरुस्त झालं. स्टेंट फक्त एका अडलेल्या जागी रक्ताची वाट मोकळी करतो. बाकीच्या धमन्या होत्या तशाच राहतात. धमनीला आतून पेशींचं नाजूक अस्तर असतं. आपण झपझप चालतो तेव्हा रक्ताचा वेग वाढतो, ते अस्तरावर घासत जातं आणि अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यानं धमनी सैल होते, रुंदावते. या वायूचं शरीरातलं काम शोधणाऱ्यांना 1998 चं नोबेल मिळालं. रोज चालणाऱ्याचं अस्तर हे काम चांगलं करतं. बसून राहणाऱ्याचं मंदावतं.

इटलीत अँजिओप्लास्टी झालेल्या 118 रुग्णांचा एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा महिने, आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. उघडलेली जागा पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. हे लपवायचं कारण नाही. पण व्यायाम करणाऱ्यांचा दम वाढला आणि पुढच्या काळात त्यांना पुन्हा दवाखान्यात भरती होण्याची वेळ बरीच कमी आली.

"घरात दिवसभर काम करतेच की," असं अब्बू म्हणाले. भांडी, झाडू, स्वयंपाक यांत माणूस थकतो, पण सलग वीस-तीस मिनिटं श्वास वाढत नाही. नमाजचंही तेच. ती इबादत आहे, तिला व्यायामाच्या हिशोबात कशाला ओढायचं? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढा वेग हवा.

खरी अडचण पुढे आली. अम्मीनं चालायचं कुठे? अब्बू फजरनंतर दोस्तांबरोबर येलदरी रोडनं फिरून येतात, त्यांना कुणी विचारत नाही. अम्मी त्याच रस्त्यानं निघाली तर पहिल्याच दिवशी तिघांनी "कहाँ जा रहे?" विचारलं. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. स्टेंटसाठी सरकारी योजना आहे, पण अम्मीला अर्धा तास न बिचकता चालता येईल अशी जागा आपल्या मोहल्ल्यानं ठेवलेली नाही. यात नगरपरिषदेइतकाच दोष आपलाही आहे. आपण रक्तदान शिबिरं घेतो, शुगर-बीपी तपासतो, फोटो टाकतो. शाळेचं मैदान सकाळी तासभर बायकांसाठी उघडं ठेवा, असा साधा अर्ज मात्र आपल्यातल्या कुणी दिलेला मला माहीत नाही. मी स्वतःही दिला नव्हता. आता दिला आहे.

तोवर मी सोबत जातो. डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांपासून सुरुवात केली. आधी पाच मिनिटं हळू, शेवटी पुन्हा हळू. जेवणावर लगेच नाही, मराठवाड्याच्या उन्हात तर नाहीच. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, की तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत.

सध्या पंचवीस मिनिटं होतात. गेल्या आठवड्यापासून शेजारच्या फुफीही येतात. त्या दोघी पुढे चालतात आणि मला मागे राहायला सांगतात, कारण बोलणं माझ्या ऐकण्यासारखं नसतं म्हणे.