मुद्राराक्षस आणि दुकानाची पाटी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर काळ्या चौकटीत एक आभारप्रदर्शन प्रसिद्ध होते. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे देहावसान झालेले असते, आठवडाभर आप्तेष्ट आणि व्यापारी मित्र भेटून गेलेले असतात, आणि त्या सर्वांचे ऋण व्यक्त करण्यासाठी कुटुंबीयांनी मजकूर लिहून दिलेला असतो : ‘यांच्या निधनाच्या दुःखात सहभागी झालेल्या सर्वांचे आभार.’ चौकट लहान पडते, कोणाच्या तरी हातून ‘दुःख’ तेवढे गळते, आणि सकाळी गावभर वाचले जाते : ‘यांच्या निधनात सहभागी झालेल्या सर्वांचे आभार.’ चहा घेत वाचणारा पोट धरून हसतो. त्या घरात मात्र कोणी हसत नाही. उरल्यासुरल्या पाहुण्यांकडे काही काळ जरा निराळ्या नजरेने पाहिले जात असेल, तेवढेच.

अशा प्रमादाचे खापर मुद्राराक्षसाच्या माथी फोडण्याची मराठीत जुनी रीत आहे. वास्तविक त्या बिचाऱ्याचा छापखान्याशी काडीचाही संबंध नाही. ‘मुद्राराक्षस’ हे विशाखदत्ताचे संस्कृत नाटक. त्यातील राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य आणि मुद्रा म्हणजे त्याच्या नावाची अंगठी. ती अंगठी चाणक्याच्या हाती लागते, तिचा ठसा एका कपटपत्रावर उमटतो आणि राक्षस त्यात अडकतो. म्हणजे न लिहिलेल्या मजकुराची शिक्षा भोगणारा हा पहिला गृहस्थ, आणि त्याच्याच नावावर आजवर प्रत्येक खिळाजुळाऱ्याने आपल्या चुका खपवल्या! ज्या चंद्रगुप्तासाठी चाणक्याने हा खटाटोप केला, तो पुढे आचार्य भद्रबाहूंसमवेत श्रवणबेळगोळला गेला असे जैन परंपरा सांगते. राक्षस मात्र छापखान्यातच राहिला.

व्यापारी पेढ्यांना तर छापखाना येण्याच्या पुष्कळ आधीपासून अक्षराच्या लहरीपणाचा अनुभव आहे. मारवाडातील पेढ्यांवर जी महाजनी लिपी चाले, तिच्यात काना-मात्रा-वेलांटीला बहुधा फाटा दिलेला असे. लिहिणारा झरझर लिही. वाचणाऱ्याने अंदाजाने स्वर घालावेत. त्यावरून घरोघर सांगितली जाणारी कथा प्रसिद्धच आहे. मुनीमजींनी गावी पत्र धाडले : काकाजी अजमेर गया, बडी बही भेज दीजो. घरच्यांनी वाचले : काकाजी आज मर गया, बडी बहू भेज दीजो. घरात रडारड सुरू झाली आणि खातेवहीऐवजी थोरली सून पेढीवर येऊन दाखल झाली. पेशवाईतील ‘ध चा मा’ याच जातीचा, पण तेथे हसण्याला जागा नाही. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, असे लोक सांगत आले. इतिहासकारांचे या कथेवर एकमत नसले तरी वाक्प्रचार पक्का झाला.

आताच्या चुका बऱ्याचशा काटकसरीतून जन्मतात. छोट्या जाहिरातीचा दर शब्दांवर, आणि शब्दाला पैसे पडतात म्हटल्यावर हिशेबी माणसाचा हात आखडतो. मग ‘शाकाहारी दोन खोल्या कुटुंबास भाड्याने देणे’ असे छापले जाते आणि मांसाहारी खोल्या कशा असतात, हा प्रश्न पडतो. ‘चालू दुकान, माल व नोकरांसह विकणे आहे’ या एका ओळीत तर दोन घोटाळे. नोकर विकण्याची प्रथा केव्हाच बंद झाली आहे. आणि ‘चालू’ हे विशेषण दुकानाला लावलेले बरे की मालकाला, हे बाजारातल्या ज्याने त्याने ठरवावे.

विशेषणाची जागा चुकण्याचे सर्वात रुळलेले उदाहरण गावोगावच्या पाट्यांवर आहे : ‘शुद्ध गाईचे तूप’. शुद्ध गाय की शुद्ध तूप? वर्षानुवर्षे ही पाटी वाचून लोक तूप घेऊन जातात, कोणी गाईची चौकशी करीत नाही. ‘गरम महिलांचे कपडे’ असे लिहिणाऱ्याची मात्र एवढ्यावर सुटका होत नाही. खाद्यपदार्थांच्या फलकावरील ‘जैन बटाटावडा’ही पाहण्याजोगा. आत कच्चे केळे असते, वर नाव बटाट्याचे. येथे छापणाऱ्याची चूक नाही आणि खाणाऱ्याचीही फसवणूक नाही. भाषेनेच दोघांच्या सोयीसाठी डोळे मिटून घेतले आहेत.

मुंबईतील दुकानांना मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची एकच धांदल उडाली. पाटी मराठी व्हावी हे योग्यच. पण घाईत केलेल्या मराठीचा पहिला बळी ‘ळ’. ज्याच्या बोलीत हे अक्षर नाही तो सहज ‘ल’ लिहून मोकळा होतो. फळांच्या दुकानी ‘ताजी केली’ मिळू लागतात, किराण्याच्या दुकानात ‘गुल’ आणि ‘नारल’ येतात, आणि चष्म्याच्या दुकानावर ‘डोले तपासून मिळतील’ हे वाचून तालमीतला एखादा पोरगा बाह्या सरसावून आत शिरला तर त्याला दोष देता येणार नाही. गिऱ्हाईक हसत आत आले तर दुकानदाराचे काही बिघडत नाही. पण ज्याला आपल्या नावातला ‘ळ’ जपता आला नाही, तो आपल्या ऐवजाचे वजन काय जपणार, असे एखाद्या सराफाविषयी कोणी बोलले तर ते अगदीच गंमतीत घेता येत नाही.

अक्षराला केवढी किंमत पडते, हे ब्रिटनमधील कार्डिफच्या एका अभियांत्रिकी कंपनीने अनुभवले. तिचे नाव ‘टेलर अँड सन्स’. फेब्रुवारी २००९ मध्ये तेथील सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाने ती दिवाळखोरीत निघाल्याची नोंद केली. प्रत्यक्षात बुडाली होती ती ‘टेलर अँड सन’. शेवटच्या एका ‘स’चा फरक. चूक काही दिवसांत दुरुस्त झाली, परंतु तोवर वार्ता पतमापन संस्थांकडे पोहोचली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली, ग्राहक दुरावले, आणि अडीचशेहून अधिक माणसांना काम देणारी ती जुनी कंपनी दोन महिन्यांत खरोखरच कोसळली. जानेवारी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरले. कंपनी तोपर्यंत उरली नव्हती. पेढीवर वाढलेल्या कोणालाही यातील कारण निराळे समजावून सांगावे लागणार नाही. बाजारात माल उशिरा हलतो, अफवा आधी पोहोचते.

खिळ्यांच्या छपाईच्या काळात मुद्रिते दोघे मिळून तपासत. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाची, स्वल्पविरामसुद्धा उच्चारून. दुसरा छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐके. संगणक आल्यावर मोठ्याने वाचणारा गेला. आता मजकूर मोबाइलवर येतो, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाताना रफार आणि जोडाक्षरे घसरतात, आणि तपासणाऱ्याकडून ‘ओके’ असे उत्तर बहुधा मजकूर उघडण्यापूर्वीच गेलेले असते. लग्नपत्रिकेतले ‘आर्शीवाद’ तर इतके बोकाळले आहेत की एखाद्या पत्रिकेत ‘आशीर्वाद’ दिसला तर वरपक्षाला तीच चूक वाटावी.

संवत्सरीच्या सुमारास क्षमायाचनेच्या जाहिराती येतात. ‘आमच्याकडून जाणता-अजाणता आपले मन दुखावले असल्यास’ या वाक्यातला एकच ‘अ’ निसटला की ‘जाणता-जाणता’ होते, आणि संपूर्ण परिवाराच्या छायाचित्राखाली, हात जोडून, ठरवून दुखावल्याची कबुली छापली जाते. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी, तर आदल्या दिवशीच्या क्षमायाचनेबद्दल पुन्हा क्षमा मागावी लागते; आणि त्या जाहिरातीचे बिल वेगळे येते.