पहिल्या उड्डाणाचा ताळेबंद

मुहूर्त ठरला की तो टळू नये, अशी सर्वांचीच इच्छा असते. परंतु रेडिओ-नियंत्रित जेट विमानाची प्रतिकृती बांधणाऱ्या छांदिष्टाला पहिल्या उड्डाणाच्या दिवशी हा मोह आवरावा लागतो.

ही विमाने खेळण्यासारखी दिसली तरी त्यांच्या पोटात खरेखुरे जेट इंजिन असते. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी लाकूड व कार्बन तंतूंचे संपीडक चक्र वापरून असे छोटे इंजिन यशस्वी केले व त्यावर पुस्तकही लिहिले. त्यातून हौशी मंडळींना मार्ग सापडला. हे इंजिन थोडे वंगण मिसळलेल्या केरोसीनवर चालते आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. विमान, इंजिन व नियंत्रणसामग्री मिळून खर्च काही लाखांवर जातो. ती सारी पुंजी आणि अनेक महिन्यांचे श्रम पहिल्या पाच मिनिटांत पणाला लागतात.

म्हणून खरी परीक्षा जमिनीवरच होते. गुरुत्वमध्य आराखड्यात दाखविलेल्या जागी हवा. नाक जड असलेले विमान वाईट उडते, शेपूट जड असलेले एकदाच उडते, असे या क्षेत्रात म्हटले जाते. इंधन संपत जाते तसा तोल सरकतो. त्यामुळे मुख्य टाकी रिकामी ठेवूनही तो पाहतात. मग विमानाच्या मागे उभे राहून प्रत्येक पृष्ठ योग्य दिशेने हलते का, याची खात्री करतात. उजवीकडे वळताना उजव्या पंखाची मागची पट्टी वर उचलली गेली पाहिजे. तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर ते हवेत समजून उपयोग नाही. प्रक्षेपकाची शक्ती मुद्दाम कमी करून, दूर जाऊन संदेश पोहोचतो का, हे इंजिन बंद असताना व चालू असतानाही तपासतात. संदेश तुटल्यास इंजिन आपोआप बंद व्हावे, अशी तजवीज असते. अग्निशामक हाताशी असतो.

जेटचे दोन स्वभाव विसरून चालत नाहीत. पंख्याच्या विमानात शेपटीवर पंख्याचा वारा वाहतो. जेटला ती मदत नाही, त्यामुळे वेग मंदावताच नियंत्रण ढिले पडते. शिवाय वेग वाढविण्याची आज्ञा दिल्यावर इंजिनाला पूर्ण जोर गाठण्यास काही सेकंद लागतात. उतरताना चूक लक्षात आली, तर निर्णय आधीच घेतलेला असावा लागतो. म्हणून अनुभवी चालक प्रथम उंची गाठतो, तेथेच चाके व फ्लॅप खाली घेऊन मंद वेगात विमान कसे वागते ते पाहतो आणि मगच धावपट्टीकडे वळतो. शेजारी उभा असलेला सहकारी वेळ मोजतो. टाकीत इंधन शिल्लक असतानाच विमान उतरविले जाते.

नियमही आहेत. अमेरिकेच्या ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या सदस्यांना जेटसाठी वेगळी परवानगी लागते व वेगाची मर्यादा ताशी २०० मैल आहे. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी डोळ्यांच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या आहे.

तरीही सर्वांत कठीण गोष्ट कोणत्याही नियमात लिहिलेली नसते. मित्र जमलेले असतात, कॅमेरे सज्ज असतात आणि एका जोडणीविषयी मनात किंचित शंका येते. त्या क्षणी झालेला खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो व 'आता मागे कसे फिरायचे?' असे वाटते. पण खर्च झालेला पैसा उडालो तरी परत येत नाही आणि थांबलो तरी येत नाही. प्रश्न उरतो तो केवळ पुढील जोखमीचा. शंका असलेली उधारी नाकारणारा व्यापारी भित्रा ठरत नाही. विमान पुन्हा गाडीत ठेवून घरी परतणारा चालकही भित्रा नसतो. त्याचा मुहूर्त हुकतो, भांडवल मात्र शाबूत राहते. आणि पुढचा रविवार त्याच्या हाती असतो.