उसनी अक्षरे, स्वतःची गाडी

नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोंडीत अडकलेल्या गाड्यांच्या पाठी वाचत गेले की थोड्याच वेळात ध्यानात येते, गाड्या नाना तऱ्हेच्या, मजकूर मात्र मोजकाच. ‘शेतकरी राजा’, ‘नाद करायचा नाय’, महाराजांची तीच एका बाजूने दिसणारी छबी, तोच जबडा वासलेला वाघ. ‘आई-वडिलांचा आशिर्वाद’ यातला ‘शि’ तर सर्रास ऱ्हस्व, आणि पिकअपपासून रिक्षापर्यंत एकाच वळणाचा. इतकी माणसे आपापल्या डोक्याने एकच चूक एकाच वळणात करत नाहीत. ती चूक तयार फाइलीतून आलेली असते आणि पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरते. याबद्दल रेडियमवाल्याला किंवा त्याच्या प्लॉटरला बोल लावण्यात अर्थ नाही. यंत्र सांगू ते कापते. आपण गिऱ्हाईकच काही सांगत नाही, समोरच्या अल्बमवर बोट ठेवतो आणि मोकळे होतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्याची गाडी त्याने तिच्यावरची ग्राफिक्स स्वतः तयार करायला शिकावे. आणि नवशिक्याने सुरुवात यंत्रापासून नव्हे, कटरच्या पात्यापासून करावी.

फाइलीचे हे राज्य निव्वळ आळसातून आलेले नाही, त्याला तांत्रिक कारणही आहे. आपल्याकडच्या दुकानांत डिझाइनचे काम कोरल ड्रॉवर चालते, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी नीट पेलत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जायची, जोडाक्षर फुटून मधे पाय मोडलेले अक्षर दिसायचे. त्यावर उतारा म्हणून जुन्या पद्धतीचे, स्वतंत्र कीबोर्डचे फॉन्ट वापरले जात. ते ज्याला येतात त्यालाच मराठी टाइप करता येणार, बाकीच्यांना तयार अक्षरांचाच आधार. आज ही अडचण उरलेली नाही. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्यात युनिकोड मराठी बिनचूक उमटते. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला ‘यात्रा वन’ असे देखणे देवनागरी फॉन्टही विनामूल्य आहेत. साधने दारात आली, सवय मात्र जुनीच राहिली.

शिकताना पहिली ठेच लागते ती शिरोरेघेपाशी. फॉन्टमधले प्रत्येक अक्षर आपापली रेघ घेऊन येते आणि शेजारणीच्या रेघेवर किंचित चढते. पडद्यावर ती सलग दिसते. पण प्लॉटर प्रत्येक आकाराची कड स्वतंत्र कापतो, त्यामुळे जिथे रेघा एकमेकींवर चढल्या तिथे उभ्या चिरा पडतात आणि पहिल्या उन्हाळ्यात त्या चिरांतूनच कोपरे उचलू लागतात. यावर उपाय साधा आहे. मजकुराचे आधी आकारांत रूपांतर करायचे आणि मग सगळे आकार जोडून एक करायचे. कोरलमध्ये याला वेल्ड म्हणतात, इंकस्केपमध्ये युनियन. हे केले की हीच शिरोरेघ सोयीची ठरते. इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे दहा सुटे तुकडे असतात. मराठी शब्द मात्र रेघेला टांगलेला, एकसंध उचलला जातो. सांभाळायचे ते फक्त अनुस्वाराचे टिंब आणि ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातली जागा.

यंत्राआधी हात का, याचेही उत्तर याच कामात आहे. कागदावर काढलेली प्रिंट व्हिनाइलवर, म्हणजे स्टिकरच्या चिकट पत्रकावर, चिकटवून, पात्याने वरचा थर कापायचा पण खालचा कागद कापू द्यायचा नाही, हा दाब बोटांना कळायला थोडी नासाडी होतेच. पण कोणती रेघ फार बारीक, कोणता कोपरा फार टोकदार, हे हाताने कापणाऱ्याला जसे कळते तसे माउस फिरवणाऱ्याला कळत नाही. नको तो भाग चिमट्याने काढायचा, वरून मास्किंग टेप लावून अक्षर उचलायचे, पत्रा शाम्पूने आणि मग स्पिरिटने पुसून घ्यायचा, साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत न्यायचे. मालही पारखून घ्यावा लागतो. रुळांतून लाटून केलेले व्हिनाइल स्वस्त असते, पण ते ताणलेले असल्याने पुढे आकसते. सपाट दारासाठी ते चालते. द्रवातून ओतून केलेले कास्ट व्हिनाइल पातळ आणि महाग, पण गोलाईवर बसते. बुलेटच्या टाकीवर पहिला प्रयोग करणाऱ्याची फजिती ठरलेली, कारण ती दोन दिशांनी वळते. हवामानाचेही भान हवे. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या बराच खाली असतो, तेव्हा गोंद धरत नाही. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर तो इतका चटकन धरतो की वाकडे बसलेले अक्षर सरळ करायला सवड मिळत नाही.

दुकानात हेच काम चहा संपेपर्यंत होते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न वाजवी आहे आणि ज्याला फक्त स्टिकर हवा त्याने दुकानातच जावे. पण स्वतःचे अक्षर हवे असेल तर ते आधी स्वतःला ठरवता आले पाहिजे, आणि ते ठरवता येणारा माणूस पुढे दुकानातच फाइल घेऊन जाणार आहे. त्यामुळे रेडियमवाल्यांच्या पोटावर पाय येईल ही भीती मला पटत नाही. त्यांचा हुकमी धंदा नंबर प्लेटचा होता, तो केव्हाच ओसरू लागला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेट घेऊनच येतात आणि त्याआधीच्या गाड्यांनाही राज्यात ती सक्तीची झाली आहे. आता त्यांच्याकडे चांगला प्लॉटर आहे, मराठी टाइप करणारे गिऱ्हाईक नाही. ट्रकवर ब्रशने लिहिणाऱ्या पेंटरांचे दुःख मात्र खरे आहे, त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. त्यांचा हात व्हिनाइलने परत येणार नाही. तरी अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत एकेका नावाला जसा स्वतंत्र चेहरा दिला, तसा चेहरा देण्याची इच्छा तरी हाताने कापणाऱ्यात शिल्लक राहते. अल्बमवर बोट ठेवणाऱ्यात तीही नाही.

कायद्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि नवशिक्याने तो आधी समजून घ्यावा. नंबर प्लेटला हात लावायचा नाही. ४१४१ चे ‘दादा’ आणि २१४ चे ‘राम’ करण्याची आपल्याकडची हौस दंडाला निमंत्रण आहे. काचाही वगळाव्यात, काचांवरच्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली आहे. संपूर्ण गाडी दुसऱ्या रंगाच्या व्हिनाइलने मढवली तर आरसी बुकातल्या रंगाच्या नोंदीशी मेळ बसत नाही आणि प्रकरण पेठ रोडच्या आरटीओपर्यंत जाते. दारावरच्या चार अक्षरांनी गाडीचा रंग बदलत नाही. मजकुरावरही सरकारची नजर असू शकते. २०१५ मध्ये परिवहन विभागाने मालवाहू गाड्यांच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केले, कारण ते विनाकारण हॉर्न वाजवायला चिथावते. जो स्वतः कापतो त्याला हे नियम माहीत करून घ्यावेच लागतात. तयार स्टिकर घेणारा ‘सगळेच लावतात’ म्हणून सुटू पाहतो.

प्रत्येकाने आपापले कापले तर रस्ता आणखी विद्रूप होईल, अशीही शंका येईल. सुरुवातीला होईल, यात वाद नाही. पण २०२७ च्या सिंहस्थात नाशिकच्या रस्त्यांवर त्याच त्रिशूळाच्या हजारो प्रती फिरण्यापेक्षा काही वाकडी पण स्वतःची अक्षरे मला चालतील. ज्यांना शोभेचीच धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक काम शोभेपलीकडचे आहे. कांद्याच्या हंगामात पहाटेच्या अंधारात लासलगाव-पिंपळगावकडे निघालेल्या कित्येक ट्रॉल्यांची पाठ मागून येणाऱ्याला दिसतच नाही. चिखलाने किंवा जुनेपणाने तिचा परावर्तक केव्हाच गेलेला असतो. मालवाहू गाड्यांना पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी, ही पद्धत ठरलेली आहे. सरळ रेघेत कापायचे, सपाट पत्रा पुसायचा, दाबून बसवायचे, एवढेच त्यात कौशल्य, म्हणजे नवशिक्याचा पहिला धडा म्हणून याहून सोपे काम नाही. बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या रांगेत ट्रॉल्या तासन् तास उभ्याच असतात. जवळच्या आयटीआयच्या मुलांना तिथे टेपचे रोल आणि कटर घेऊन बसायला समितीने एक टेबल आणि सावली दिली तरी पुरे.