शिकाऊ उमेदवारीचा हक्क मागणार कोण?

निकालाचे दिवस आले की वृत्तपत्रांतून करिअर मार्गदर्शनाचे रकाने भरून वाहू लागतात. कोणता कोर्स घ्यावा, मुलाखतीला कोणता शर्ट घालावा, इंग्रजीतून स्वतःची ओळख कशी करून द्यावी, असे बरेच काही त्यांत असते. ज्याच्या घरात आधीच दोन पगार येतात आणि ज्याचा मामा एखाद्या कंपनीत मॅनेजर आहे, अशा मुलासाठी हे मार्गदर्शन लिहिलेले असते. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुक्यांत वाढलेला, बी.ए. झालेला किंवा आयटीआय केलेला आमच्या वस्तीतला मुलगा त्यात कोठेच नसतो. आजचा मजकूर त्याच्यासाठी आणि त्याच्या बहिणीसाठी आहे, आणि त्याहून अधिक आमच्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

या दोन तालुक्यांची कहाणी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे येथे झाली. पाणी पुण्याला गेले, बारामती-फलटणच्या उसाला गेले. जमिनी बुडाल्या त्या मात्र येथल्या. वेल्ह्याचे नाव सरकारी कागदावर आता राजगड तालुका झाले आहे, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण नाव बदलल्याने एसटीच्या फेऱ्या वाढत नाहीत आणि पोरांना नोकऱ्याही लागत नाहीत. शिकून झाले की येथील तरुणापुढे दोनच रस्ते उरतात. एक पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकेकडे जातो, दुसरा नीरा नदी ओलांडून शिरवळच्या कारखान्यात ठेकेदाराच्या गाडीने जातो.

पहिल्या रस्त्याविषयी आम्ही स्पष्ट बोलणार आहोत, कोणाला राग आला तरी चालेल. स्पर्धा परीक्षा द्याव्यात, जरूर द्याव्यात. प्रशासनात आमची माणसे बसली पाहिजेत, हा बाबासाहेबांचा आग्रह होता आणि तो आजही तितकाच खरा आहे. परंतु २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हेही खरे आहे. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. मागासवर्गीयांना वयाची सवलत ४३ वर्षांपर्यंत आहे. ही सवलत लढून मिळवलेली आहे, पण तिचाच आधार घेऊन तरुण वयाची दहा-बारा वर्षे एका जाहिरातीची वाट पाहण्यात घालवणे म्हणजे सवलतीचा सापळा करून घेणे होय. गावाकडे आई दुसऱ्याच्या बांधावर खुरपते, बाप शेळ्या विकून खोलीचे भाडे पाठवतो आणि मुलगा तिशी उलटली तरी "यंदा नक्की होईल" म्हणतो. त्या मुलाचा यात दोष नाही. त्याला दुसरे काही कोणी सांगितलेलेच नाही. आमचे व्याख्याते जयंतीच्या मंचावरून कलेक्टर व्हा म्हणून सांगतात आणि गाडीत बसून निघून जातात.

शिवाय सरकारी नोकरी तरी कोठे शिल्लक ठेवली जात आहे? खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, ज्याला आपण चळवळीत 'खाउजा' म्हणत आलो, त्याने आरक्षणाला हात न लावता आरक्षणाची जागाच पोखरली. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी एजन्स्यांकडून, मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तो कागद रद्द झाला, ती वृत्ती रद्द झालेली नाही.

दुसरा रस्ता शिरवळचा. तेथे काम मिळते, पण ते कंपनीचे नसते, ठेकेदाराचे असते. आयटीआय केलेला फिटरही तेथे हेल्पर म्हणून लागतो. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक' दिला जातो, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर तोच मुलगा त्याच गेटमधून आत जातो. पाच वर्षे मशीनवर उभा राहूनही आपण तेथे होतो हे दाखवायला त्याच्याकडे एक कागद नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांच्याविषयी कामगार संघटनांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या रास्तही आहेत, पण त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. तेव्हा ठेकेदाराकडे काम करावेच लागले तर पहिल्याच आठवड्यात नियुक्तिपत्र मागा, पगार बँकेतच घ्या, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक लिहून ठेवा आणि पैसे भरले जातात की नाही हे मोबाईलवर दर महिन्याला पाहा.

आता मुख्य मुद्दा. या दोन रस्त्यांच्या मध्ये एक तिसरा रस्ता कायद्याने आखून ठेवलेला आहे आणि त्याचे मूळ बाबासाहेबांपर्यंत जाते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते हाती आल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला दिले. नोकऱ्यांतील राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या या मागण्या त्यातूनच पुढे आल्या आणि पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या. हे आमच्या लोकांना माहीत असते. त्याच निवेदनातील एक मागणी मात्र फारशी कोणी सांगत नाही. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घ्या, तांत्रिक शिक्षणाचे दार त्यांना उघडा, अशी ती मागणी होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला हा माणूस आपल्या लोकांसाठी कारखान्यातली शिकाऊ जागाही मागत होता. कारकुनीत जी अडवणूक होती तीच यंत्रापाशीही होती, म्हणून यंत्रावरचा हक्कही त्यांना हवा होता.

पुढे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा, म्हणजे अप्रेंटिसेस अॅक्ट, झाला आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ आले. प्रत्येक निर्देशित व्यवसायात, म्हणजे ट्रेडमध्ये, मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्याच पाहिजेत, आणि त्या जागा राज्यातील त्यांच्या लोकसंख्येचा विचार करून ठरवायच्या, असे हे कलम सांगते. मालक म्हणजे केवळ सरकार नव्हे, खासगी कारखानदारही त्यात येतो. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आम्ही मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण खासगी कारखान्यातील शिकाऊ जागांवर जे आरक्षण पन्नास वर्षे कायद्यात पडून आहे, त्यासाठी भोरच्या तहसील कचेरीवर एखादा मोर्चा निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्याचा हिशेब समजून घ्या. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा अधिक माणसे काम करतात त्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के आणि कमाल पंधरा टक्के. या मोजणीत ठेकेदाराची माणसेही धरली जातात. म्हणजे चारशे माणसांच्या कारखान्यात किमान दहा शिकाऊ उमेदवार असायलाच हवेत, आणि ते चारशे भरतात तेच मुळी आमच्या ठेक्यावरच्या पोरांना धरून! यातली मेख अशी की, राखीव जागेला अनुसूचित जाती-जमातीचा उमेदवार मिळाला नाही तर ती इतरांतून भरण्याची सोय नियमांतच आहे. आमच्या मुलाने अर्जच केला नाही तर मालकाला पळवाटही शोधावी लागत नाही.

या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्हीही त्या रंगीत रकान्यांसारखेच होऊ. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नसतो. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळते, आणि ते थोडे असते. मुदत संपल्यावर मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही. काही मालक शिकाऊच्या नावाखाली स्वस्त मजूर राबवतात, हेही खरे. तरीही राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येते आणि तो कागद कोणताही ठेकेदार हिरावून घेऊ शकत नाही. रेल्वेच्या लेव्हल-१ पदांच्या थेट भरतीत वीस टक्के जागा अशी उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी ठेवलेल्या असतात. म्हणजे कारखान्यात घालवलेले वर्ष सरकारी नोकरीच्या वाटेवरही उपयोगी पडते. अभ्यासिकेतल्या वर्षाचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बिगरतांत्रिक पदवीधरही शिकाऊ उमेदवार होऊ शकतात. स्टेट बँकेने २०२३ मध्ये अशा ६,१६० जागांची जाहिरात काढली होती, त्यात राखीव जागा होत्या आणि स्थानिक भाषा येणे ही अट होती. मराठीचा असा उपयोग आमच्या मुलांना रोज रोज होत नाही! एसटी महामंडळ आपल्या कार्यशाळांत शिकाऊ उमेदवार घेते. यासाठी 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवावे लागते, आणि ते स्वतःच्या हाताने नोंदवावे. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल क्रमांकावर नोंदणी केली की पुढचे सारे निरोप त्याच्याच मोबाईलवर जातात.

हे सारे घडते कागदावर, आणि आमची माणसे मागे पडतात तीही कागदापाशीच. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. हे दोन तालुके म्हणजे बव्हंशी जुने भोर संस्थान, ते १९४८ मध्ये विलीन झाले. त्या काळी आमचे आजोबा-पणजोबा शाळेच्या पटावर फारसे नव्हतेच. मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, किंवा वतनाचे कागद शोधावे लागतात. ज्या महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात बिल मांडले, त्याच वतनाचा पिवळा पडलेला कागद आज नातवाच्या नोकरीला पुरावा म्हणून लागतो. केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्याच नमुन्यातला दाखला लागतो. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल तर मुलाखतीच्या दिवशी धावपळ होते. ती वेळ येण्याआधीच, बारावीच्या वर्षीच, कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करा.

धरणात ज्यांची घरे-शेते गेली त्यांच्यासाठी आणखी एक कागद आहे, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. राज्याच्या गट क आणि ड पदांत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि खातेदाराच्या कुटुंबातील एकाला त्याचा लाभ घेता येतो. तो कोणाच्या नावे करायचा यावरून भावाभावांत वर्षानुवर्षे बोलणे बंद असते आणि दाखला ट्रंकेत पडून राहतो. घरातल्या शिकलेल्या मुलीच्या नावे करून पाहा, भांडण मिटेल.

मुलींचे म्हणाल तर त्यांना बारावीनंतर थांबवले जाते ते हुशारी नाही म्हणून नव्हे, येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय नाही म्हणून. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात राहून शिकणाऱ्याला तीत वर्षाला ६० हजार रुपये ठरलेले आहेत. पैसे उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे. तरी अर्ज करा, आणि उशीर झाला तर समाजकल्याण कार्यालयात एकट्याने न जाता दहा जणींनी मिळून जा.

आता कार्यकर्त्यांकडे वळू. भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक विहारात जयंतीच्या वर्गणीची वही असते. तिच्या शेजारी दुसरी एक वही ठेवा. वस्तीतला कोण दहावी झाला, कोणाचा आयटीआय झाला, कोणाची पडताळणी झाली, कोण ठेकेदाराकडे आहे, कोणाचा पीएफ भरला जात नाही, हे तिच्यात लिहा. मग जिल्ह्याच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. शिरवळ नदीपलीकडे, म्हणजे सातारा जिल्ह्यात येते, तेव्हा तेथील कारखान्यांसाठी अर्ज साताऱ्याला गेला पाहिजे. खेड-शिवापूर, नसरापूरच्या पट्ट्यासाठी पुण्याला. तीनच प्रश्न विचारा : कोणत्या आस्थापनेत गेल्या वर्षी किती शिकाऊ उमेदवार होते, त्यांपैकी कलम ३-अ खाली राखीव किती होते, आणि त्या राखीव जागांवर प्रत्यक्ष कोण बसले? अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते, ते आले नाही तर त्याच कार्यालयात पहिले अपील करता येते.