संशोधनाने गावी परतावे

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ साली सुरू झाली. महाविद्यालय, विद्यापीठ, राज्य अशा पायऱ्या चढत विद्यार्थी आपले काम पोस्टर आणि तोंडी सादरीकरणातून परीक्षकांपुढे मांडतात. भाषा-ललित कलांपासून शेती-पशुसंवर्धनापर्यंत सगळ्या विषयांना तिथे स्थान आहे. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या तालुक्यांतल्या मुलांना तर विषय अंगणातच सापडतात. भाटघर धरणाचे पाणी कालव्यांनी बारामती-फलटणपर्यंत जाते, मग धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांना उन्हाळ्यात टंचाई का? खाचरांतले आंबेमोहोर भात मागे पडून इंद्रायणी का आली? असे प्रश्न हाती घेणाऱ्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ज्यांच्या बांधावर बसून माहिती गोळा केली, त्यांना निष्कर्ष सांगण्याची पायरी या स्पर्धेच्या रचनेत नाही. ती असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा केवळ कृतज्ञतेचा प्रश्न नाही, त्याने संशोधनच सुधारते. आंबेमोहोर उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली इंद्रायणी त्यापेक्षा जास्त पिकते. आकडेवारी इथे थांबते. पण घरच्या खाण्यासाठी कोणते भात, विक्रीसाठी कोणते, जनावरांना पेंढा किती, लावणीला माणसे मिळतात का, हा हिशेब शेतकऱ्याच्या डोक्यात असतो. निष्कर्ष त्याच्यासमोर वाचला, तर सुटलेला धागा तोच दाखवून देईल. साहित्य-संस्कृतीच्या अभ्यासातही हेच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, त्या गावोगावच्या बायकांना केवळ माहितीचा स्रोत न मानता कामात सहभागी करून घेतल्यामुळे.

पदवीच्या मुलांचे काम कच्चे असते, त्यावर भरवसा ठेवून गावकऱ्यांची दिशाभूल होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच नमुना किती लहान होता, काय तपासता आले नाही, हे मुलांनी आधी सांगावे. आपल्या कामाच्या मर्यादा लोकांसमोर कबूल करणे हेही संशोधनाचेच शिक्षण आहे. प्राध्यापकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हेही खरे. पण इथे नवा समारंभ नको, नवा निधीही नको. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यांतल्या एकीत अर्धा तास आणि एक पानभर मराठी गोषवारा पुरेसा आहे. निर्णयाची घाई नको, चर्चा मोकळी हवी.

विद्यापीठाने या सादरीकरणाला मूल्यमापनात थोडे गुण द्यावेत, आणि गावकऱ्यांनी सुचवलेली दुरुस्ती अहवालात नोंदवणे सक्तीचे करावे. परीक्षक विचारतील, पद्धत कोणती वापरली? वेल्ह्याचा शेतकरी विचारेल, मग यंदा मी काय पेरू? या दोन्ही प्रश्नांपुढे उभे राहायला शिकलेला विद्यार्थीच खरा संशोधक होईल.