विश्लेषण : वादळाची चाहूल लागते, पण पाखरांनी जायचे कुठे?

वळिवाआधी शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामान विभागाचा इशारा येतो. विजांसाठी पुण्याच्या ‘आयआयटीएम’चे ‘दामिनी’ ॲप आहे. पक्ष्यांचे काय? हवेचा दाब घसरलेला काही पक्ष्यांना जाणवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दाब उतरताच ते घाईने खाऊन घेतात आणि मग आडोसा धरतात. सुगरण तर पावसाळी वाऱ्याचा मारा चुकवून बहुधा झाडाच्या पूर्वेकडील फांद्यांना घरटी टांगते.

पण घरट्यातल्या पिल्लांना उडता येत नाही. एप्रिल ते जून हा अनेक पक्ष्यांच्या विणीचा काळ. वळीव याच दिवसांत येतो आणि पावसाळ्यापूर्वीची झाडछाटणीही याच दिवसांत होते. २०१४मध्ये तानसा अभयारण्यात आढळलेला दुर्मीळ रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीतच अंडी घालतो. अशी ढोली तयार व्हायला अनेक वर्षे लागतात.

म्हणून धोकादायक झाडांची छाटणी हिवाळ्यातच, घरटी पाहून उरकावी. फांद्या छाटून भागत असेल तर ढोलीचे खोड तोडू नये. माणसांसाठी इशारा महत्त्वाचा, पाखरांसाठी आडोसा.